एक मात्रा कमी

मंगळवार, ४ मार्च

आजपासून मी या शहराचा नगरकवी. नेमणूक एका वर्षाची, मानाची. नगराध्यक्षबाईंनी स्वतः माझ्या शर्टाला बिल्ला लावला आणि टाचणी टोचली. बिल्ल्यावर 'नगर कवी' असं तोडून लिहिलंय. हा सामासिक शब्द आहे, एकत्र लिहायला हवा, असं मी तिथल्या कारकुनाला सांगितलं. तो म्हणाला, "सर, वाचता येतंय ना?"

एका सभ्य शहरात भाषेची ही अवस्था.

घरी आईला बिल्ला दाखवला. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "म्हणजे नक्की काय करायचं?"

"शहराचा आवाज व्हायचं," मी म्हणालो.

"मग तो गिरणीचा भोंगा आहे की."

धाकटा भाऊ जेवत होता. तो मान वर न करता हसला. अभिनंदन वगैरे काही नाही. उजव्या हाताला कसलंसं फडकं गुंडाळून तो डाव्या हाताने चमच्याने जेवत होता आणि अर्धं ताटाबाहेर सांडत होता. लहानपणापासून त्याला नीट जेवायची सवय नाहीच. भावजय काहीतरी बोलणार होती, पण त्याने तिच्याकडे पाहिलं आणि ती भात वाढायला लागली. घरातल्या कुणाला माझा आनंद पाहवत नाही असं म्हणणार नाही, पण तो साजरा करायचा असतो हे कुणाच्या लक्षात येत नाही.

रविवार, ९ मार्च

स्वच्छता सप्ताहाचं उद्घाटन. माझी पहिली अधिकृत कविता.

स्वच्छ असावे शहर आपुले, स्वच्छ असावी दारे
झाडू घेउन हाती अपुल्या उजळू रस्ते सारे

अशी आठ कडवी. प्रत्येक ओळ सोळा अधिक बारा मात्रांची. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, कुठे तसूभर फरक नाही. ही काही माझी आवडती रचना नव्हे. माझं खरं काम म्हणजे नदीवरची दीर्घकविता, जी गेली कित्येक वर्षं तिसऱ्या सर्गात अडकली आहे. पण जे करायचं ते निर्दोष करायचं.

चौकात भर उन्हात मंडप. मी वाचायला उभा राहिलो तर ध्वनिक्षेपक किंचाळला. तिसऱ्या कडव्याला एका बाईंनी मंचाजवळ येऊन विचारलं की पाकीट हरवल्याची घोषणा इथूनच होते का. पाचव्या कडव्याला नगराध्यक्षबाई निघून गेल्या, त्यांना दुसरं उद्घाटन होतं. शेवटपर्यंत नीट ऐकलं ते एकट्या ध्वनिवाल्याने, कारण तो ध्वनिमुद्रण करत होता. पालिकेला दप्तरी हवं असतं म्हणे. मी त्याला विचारलं, कशी वाटली? तो म्हणाला, "आवाज स्वच्छ आलाय."

मंगळवार, ११ मार्च

नगरकवी म्हणजे काय, याबद्दल लोकांच्या कल्पना.

सकाळी दाढी करत असताना चष्म्याचा दुकानदार आला. त्याला दारात लावायला चार ओळी हव्या होत्या, 'इथे गाडी लावू नये' हे यमकात. शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावून जिन्याच्या नव्या कठड्यावर काहीतरी लिहायला सांगितलं. "कठडा हा शब्द आलाच पाहिजे," म्हणाले. संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. बायको वारली, तिच्यावर लिहून हवं होतं. मी विचारलं, त्या कशा होत्या? त्यांनी चहा संपवला, मग म्हणाले, "ती फार जोरात शिंकायची." आणि उठून गेले. आता यात कविता कुठे आहे?

शाळेतली पोरं मला पाठीमागे 'मात्रा सर' म्हणतात हे मला ठाऊक आहे. निदान त्यांना मात्रा हा शब्द तरी ठाऊक आहे.

गुरुवार, १३ मार्च

सफाई कामगारांनी काम बंद केलं. कारण आमच्याच घरातलं आहे आणि मला ते सगळ्यांत शेवटी कळलं.

धाकट्याला कचरा भरताना काच लागली होती. त्याने फडकं बांधून काम चालू ठेवलं, हात सुजला, सडला आणि काल दवाखान्यात त्याचं मधलं बोट कापलं. भावजयीने मला हे जिन्यात सांगितलं. मी म्हणालो, मला आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही रोज समोरच तर जेवायला बसत होता."

हा काय बोलण्याचा प्रकार झाला? मी समोर बसतो, पण माझं डोकं कामात असतं.

कामगारांचं म्हणणं असं की त्यांना हातमोजे आणि बूट मिळायला हवेत. मोजे खरेदी झालेत, पण ते पालिकेच्या भांडारात कपाटात बंद आहेत आणि वाटपाचा हुकूम निघत नाही. हुकूम का निघत नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

धाकटा पाणी प्यायला आत आला तेव्हा मी म्हणालो, फार वाईट झालं. तो म्हणाला, "दादा, आमच्यासाठी दोन ओळी लिहून दे. नुसतं 'मोजे द्या, मोजे द्या' ओरडून घसा बसतो. गाणं असलं की दिवसभर बसता येतं."

मी त्याला नीट समजावून सांगितलं. मी आता खाजगी माणूस नाही, मी सगळ्या शहराचा कवी आहे, मला एका बाजूला झुकता येत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

त्याचा स्वभाव चांगला आहे, लगेच पटतं त्याला. बाबा गेले तेव्हाही असंच. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि बाबांच्या जागी पालिकेत कुणाला तरी लागायलाच हवं होतं. "मी जातो, दादाचं होऊ दे," असं तो आपणहून म्हणाला. त्याला तशी शाळेची ओढ नव्हतीच.

शनिवार, १५ मार्च

मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत पंखा जोरात फिरत होता आणि खिडक्या घट्ट बंद होत्या, तरी वास येतच होता. म्हणाले, "कामगारांना कामावर परत यायचं आवाहन करणारं काहीतरी लिहा. भावनेला हात घालणारं."

मी त्यांनाही तेच सांगितलं. कवी तटस्थ असतो.

"तटस्थ म्हणजे?"

"म्हणजे काठावर उभा असलेला."

"आणि बुडणाऱ्याचं काय करतो?" असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर हसले.

मला समाधान वाटलं. दोन्ही बाजूंना सारखाच नकार दिला. न्याय झाला.

मंगळवार, १८ मार्च

आज जे झालं ते लिहितानाही कान गरम होतात.

सकाळी शाळेला निघालो तर गल्लीच्या तोंडाशी पालिकेची गाडी आली. वर कर्णा आणि कर्ण्यातून माझा आवाज. माझाच! 'झाडू घेउन हाती अपुल्या, उजळू रस्ते सारे.' त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण. मध्येमध्ये एक बाई सांगत होती की नागरिकांनी आपापल्या दारासमोरचा कचरा स्वतः उचलावा, अडवणूक करणाऱ्यांना धडा शिकवावा. पुन्हा मी. पुन्हा ती.

आमच्या दारापाशी गाडी मुद्दाम थांबली की आपली वळताना अडली, ते सांगता येत नाही. धाकटा पायरीवर बसला होता. भावजय त्याच्या हाताची पट्टी बदलत होती. पट्टीचं टोक तिच्या दातांत होतं. दोघांनी सगळी आठ कडवी ऐकली.

मी तडक पालिकेत गेलो. कारकुनाने नियम दाखवला. नगरकवीची रचना ही पालिकेची मालमत्ता. मी म्हणालो, पण माझा आवाज? तो म्हणाला, "सर, आवाज तुमचाच राहील. आम्ही फक्त वाजवतोय."

गुरुवार, २० मार्च

धाकटा माझ्याशी बोलत नाही. भांडतही नाही, तेच जास्त लागतं. आई मध्ये बसून निरोप पोचवते. "त्याला म्हणावं, मीठ दे." मीठ माझ्या हाताशी, तो माझ्यासमोर, आणि आई दोघांच्या मध्ये टपालखात्यासारखी.

शेवटी मी आईलाच विचारलं, माझी यात काय चूक? मी त्यांना लिहून दिलं नाही, पालिकेलाही दिलं नाही.

आई म्हणाली, "मला काय कळतंय बाबा. मला तर रोज सकाळी तुझाच आवाज ऐकू येतो."

बाहेर कचऱ्याचा ढीग टेलिफोनच्या खांबाएवढा झालाय म्हटलं तर अतिशयोक्ती अलंकार होईल, पण फार नाही. वर्गात पोरं नाकाला रुमाल बांधून बसतात. शेजारचे शिंपी मला म्हणाले, "तुमच्या भावाला सांगा की, बस झालं आता." मी म्हणालो, तो माझ्याशी बोलत नाही. ते म्हणाले, "मग तुम्ही बोला." लोकांना सगळं सोपं वाटतं.

शुक्रवार, २१ मार्च

माझ्या कवितेची विटंबना!

पालिकेसमोरच्या पदपथावर कामगार बसतात, माझा शाळेचा रस्ता तिथूनच जातो. कर्ण्यावरचं रोज ऐकून त्यांची चाल पाठ झाली आहे. आज पाहतो तर तीच चाल आणि शब्द हे:

स्वच्छ असावे शहर तुमचे, घाण असावी आमची
झाडू आमच्या हातामध्ये, मोजे तुमच्या कपाटामध्ये

विडंबनाला माझा विरोध नाही, तो जुना आणि मान्य प्रकार आहे. पण 'आपुले' काढून 'तुमचे' घातलं की एक मात्रा कमी पडते, हे कुणाच्या कानाला कळू नये? 'आमची'पाशी एक वाढते. आणि दुसऱ्या ओळीचं तर विचारूच नये. बाराच्या जागी सतरा! त्या 'कपाटामध्ये'पाशी टाळ्यांचा ठेका मोडतो, निम्मे पुढे जातात, निम्मे मागे राहतात, मग सगळे हसतात आणि गाणं तिथेच बसतं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच बसतं.

शाळेत दिवसभर ते डोक्यात. फळ्यावर संधी लिहिता लिहिता मी टाळीचा ठेका मोजत होतो.

सोमवार, २४ मार्च

आज राहवलं नाही.

शाळा सुटल्यावर येत होतो. तेच चालू होतं. सगळ्यांत पुढे एक म्हातारी झाडूवाली बसते, तिला सगळे मावशी म्हणतात. आवाज खणखणीत, पण 'तुमचे'पाशी बरोबर अडखळायची. मी रस्ता ओलांडून गेलो आणि म्हणालो, "अहो, एक मात्रा कमी पडतेय!"

मावशी म्हणाली, "मास्तर, कमी पडत असेल तर वैद्याकडून आणू का?"

हशा झाला. धाकटा मागे भिंतीला टेकून बसला होता. तो हसला नाही.

मी खिशातला खडू काढला आणि फरशीवर लिहून दाखवलं. स्वच्छ, तीन. असावे, पाच. त्यांना ते काही कळलं नाही. मग टाळी वाजवून दाखवलं, ते मात्र लगेच कळलं. मी म्हणालो, "हे पाहा, शहर काढून टाका, मूळची दारेच ठेवा. 'स्वच्छ असावी तुमची दारे.' बसलं? आता खालची ओळ. 'कपाटामध्ये' फार लांब, 'कपाटी' करा. मोजे बंद कपाटी."

"मोजे बंद कपाटी!" मावशीने म्हणून पाहिलं. टाळी चुकली नाही.

"आता वर यमक हवं. घाण आमच्या... घाण आमच्या..." पाटी, वाटी, दाटी असे शब्द मी मनात घोळवत होतो. माझी नजर सहज धाकट्याकडे गेली. त्याने पट्टीचा हात मांडीवर उताणा ठेवला होता आणि डाव्या हाताने डबा उघडायचा प्रयत्न करत होता.

"ताटी," मी म्हणालो. दुसरं काही सुचेना.

स्वच्छ असावी तुमची दारे, घाण आमच्या ताटी
आम्ही झाडू उघड्या हाती, मोजे बंद कपाटी

पहिल्यांदा मावशीने म्हटलं. दुसऱ्यांदा सगळ्यांनी. तिसऱ्यांदा रस्त्यापलीकडे फळं विकणारा माणूस ठेका धरायला लागला. कुठे अडलं नाही, कुठे सांडलं नाही. इतक्या वर्षांत माझी एखादी ओळ एवढ्या लोकांनी एकदम म्हटलेली मी ऐकली नव्हती. अर्थात ओळ माझी नव्हे, मी फक्त दुरुस्ती केली. हे मी तिथेही स्पष्ट सांगितलं. कुणी ऐकलं नाही, ते गात होते.

निघताना मी धाकट्याचा डबा उघडून दिला. झाकण फारच घट्ट बसलं होतं.

बुधवार, २६ मार्च

गाणं पसरलंय. शिंपी ते मशीनच्या तालावर म्हणतात. मधल्या सुट्टीत पोरं बाकं बडवत म्हणतात, आणि एकाचीही मात्रा चुकत नाही. ज्यांना मी वर्षभर वृत्त शिकवू शकलो नाही तीच ही पोरं! गाडीवरून माझा आवाज आला की अख्खी गल्ली त्यावर आपले शब्द चढवते. आज गाडीवाल्याने कर्णा बंद करून टाकला.

कालपर्यंत कामगारांना शिव्या घालणारे लोक आता विचारतायत, "कपाट कुठलं हो?"

दुपारी मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. नगराध्यक्षबाईही होत्या.

"तुम्ही संपकऱ्यांना गाणं लिहून दिलंत."

"मी लिहून दिलं नाही. मी मात्रा दुरुस्त केल्या."

"तुमचा भाऊ त्यांच्यात आहे."

"माझा भाऊ असता-नसता तरी मात्रा कमीच होती."

नगराध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या की फार काही करायचं नाही, उद्या कर्ण्यावरून दोन वाक्यं बोला. हे गाणं माझं नाही. आणि हे वाईट, बिघडवलेलं गाणं आहे, नागरिकांनी ते म्हणू नये.

पहिलं वाक्य मी लगेच कबूल केलं, कारण ते खरंच आहे. दुसऱ्यापाशी अडलो. मनातल्या मनात दोन्ही ओळी पुन्हा तपासल्या. यमक, यती, वजन. त्यांनी पाणी मागवलं. मी पुन्हा तपासल्या.

"बाई," मी म्हणालो, "ते गाणं निर्दोष आहे. त्याला वाईट म्हणता येणार नाही."

"अहो, अर्थाने वाईट म्हणा!"

मी अर्थाचाही विचार केला. दारे त्यांची स्वच्छ असतात. हात यांचे उघडे असतात. मोजे कपाटात असतात. "अर्थातही काही चूक दिसत नाही," मी म्हणालो.

बिल्ला टेबलावर काढून ठेवावा लागला. जाताना मी मुख्याधिकाऱ्यांना तो शब्द एकत्र लिहितात एवढं सांगितलं.

संताप झालाय. राजकारण करायला गेलो असतो आणि काढलं असतं तर समजू शकलो असतो. मला काढलं ते व्याकरणाबद्दल. मी कुणाचीही बाजू घेतली नव्हती, हे या शहरात एकालाही कळत नाही. घरी हेच सांगितलं तर भावजय तोंडाला पदर लावून आत गेली. ती हसत होती की काय, कोण जाणे. माझ्यासाठी न सांगता चहा आला, तोही खाऱ्या बिस्किटांसकट.

शुक्रवार, २८ मार्च

काल भांडार उघडलं. मी शाळेत होतो, शिंप्यांनी सांगितलं ते लिहितो. सकाळी पंचवीस-तीस बायका, बहुतेक आमच्याच भागातल्या, पालिकेत शिरल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला ते कपाट पाहायचंय." भांडारपाल म्हणाला, कपाट असं काही नाही. त्या तिथेच जिन्यावर बसल्या आणि गाणं सुरू केलं. जिन्यात आवाज घुमतो. दुपारपर्यंत वरच्या मजल्यावर कुणाला फोनवर बोलता येईना. शेवटी नगराध्यक्षबाई स्वतः किल्ली घेऊन खाली आल्या.

मोजे होते. नवे कोरे, गठ्ठेच्या गठ्ठे, खालचे काही तर पडून पडून तडकलेले. बायकांनी एकेक जोड हातात घेऊन पाहिला म्हणे.

संध्याकाळी हुकूम निघाला. मोजे, बूट, आणि हाताला लागलं तर दवाखान्याची रजा. रविवारपासून काम सुरू. गाण्याचा उल्लेख कुठेच नाही, ते बरोबरच आहे.

नगरकवीचं पद मात्र पालिकेने रद्दच केलंय. शहराला या पदाची आवश्यकता नाही, असा ठराव झाला. 'आवश्यक्ता' असं लिहिलंय.

रात्रीच्या जेवणाला धाकटा माझ्या शेजारी बसला. समोर नव्हे, शेजारी. आईला म्हणाला, "दादाला विचार, रविवारी सुट्टी आहे का त्याला."

आई म्हणाली, "मी नाही विचारणार. मी आता जेवतेय."

मग त्याने मलाच विचारलं.

रविवार, ३० मार्च

आज फार लिहिता येणार नाही, बोटं वळत नाहीत.

पहाटे धाकट्याने मला उठवलं आणि मोज्यांचा एक जादा जोड दिला. ढीग मोठे, माणसं कमी, म्हणून घरची माणसं मदतीला घ्यायचं ठरलंय म्हणे. मी म्हणालो, माझ्या वह्या तपासायच्या आहेत. तो म्हणाला, "ये रे."

आमच्या गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली. खालचा थर कसा असतो याचं वर्णन करत नाही. मी फावडं उलटं धरलं होतं. मावशी म्हणाली, "मास्तर, वाकायचं गुडघ्यातून, कंबरेतून नाही, नाहीतर उद्या वर्गात आडवे व्हाल." तरी मी दोनदा कंबरेतूनच वाकलो. धाकटा डाव्या हाताने उचलत होता. उजव्या मोज्याचं मधलं बोट रिकामं, ते वाऱ्यावर हलत होतं. मध्येच त्याने ते दातांनी ओढून आत दुमडलं आणि पुन्हा कामाला लागला. मी पाहत होतो हे त्याने पाहिलं. "दिसायला मजेशीर आहे ना?" म्हणाला.

मी म्हणालो, "नाही." मग म्हणालो, "दुखतं का रे?"

"थंडीत दुखेल म्हणतात. अजून थंडी कुठे आलीय."

नऊ वाजता तो मला म्हणाला, दादा, तुला हे जमत नाही, घरी जा. मला खरंच जमत नव्हतं. पण अर्धवट सोडून जाणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून राहिलो.

उन्हं चढल्यावर जोरात शिंकणाऱ्या बायकोचे ते म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी धाकट्याला विचारलं, "हे आपले नगरकवी ना?"

"हो," धाकटा म्हणाला, "हेच."

पद गेल्याचं मी सांगणारच होतो. पण तोंडावर रुमाल घट्ट बांधलेला होता आणि हात मोज्यांत होते.